शेपफाइलमधली मराठी नावं आणि मॅन्युअलमधली एक जागा

एकाच तालुक्याच्या दोन फाइली त्या दिवशी माझ्यासमोर होत्या. एकीत गावांच्या मराठी नावांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा होता, दुसरीत ओळीने प्रश्नचिन्हं. बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच बिघडलेल्या वाटतील. पण पहिलीतलं एकही अक्षर हरवलेलं नव्हतं आणि दुसरीतलं एकही उरलेलं नव्हतं. नकाशे करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना हा फरक माहीत आहे. नवख्या माणसाच्या हाती लागेल अशा जागी मात्र त्यांच्यापैकी कुणी तो लिहून ठेवलेला नाही. मला तेच खुपतंय.

मी पाणलोटाच्या कामासाठी नकाशे करते. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आमचं रोजचं हत्यार. २००२ साली गॅरी शर्मन यांनी ते सुरू केलं, आज जगभरचे लोक मिळून ते वाढवतात, आणि तालुक्याच्या गावी बसलेल्या मुलालाही परवान्यासाठी एक रुपया न मोजता ते वापरता येतं. नकाशाचं काम म्हणजे रेघा काढणं, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरा वेळ जातो तो नकाशामागचा तक्ता सांभाळण्यात: बांध कुठल्या गट नंबरात, कुठल्या नाल्यावर, गाळ किती, दुरुस्ती कसली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या तालुक्यात आमच्या कार्यकर्त्याने नाला न् नाला पायी फिरून नोंदी केल्या होत्या. त्याचे शेरे वाचण्यासारखे असतात. खालून पाणी झिरपते, धुरा फुटला, पांदणीतून ट्रॅक्टर जात नाही. नाल्यांची नावं त्याने गावकरी घेतात तशीच लिहिली होती. सरकारी यादीत ती सापडणार नाहीत. हा डेटा एका कार्यालयात मंजुरीला गेला, तिथे त्यांच्या लेयरमध्ये, म्हणजे नकाशाच्या थरात, मिसळला आणि ग्रामसभेच्या आदल्या दिवशी परत आला. वर सामायिक फोल्डरमधली आमची मूळ प्रतही त्याच नावाच्या नव्या फाइलीने झाकली गेली. दुसऱ्याच्या मेहनतीवर अशी फाइल चढवताना कुणी क्षणभर थांबलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

सकाळीच त्या कार्यकर्त्याचा फोन आला. "ताई, नावंच गेले सारे."

"गेले म्हणजे? दिसतंय काय?"

"गावाच्या हद्दीत इंग्रजीसारखं कायतरी. नाल्याच्या फाइलीत नुसते प्रश्नचिन्ह."

"सेव्ह केलंस का काही?"

"नाही जी. हातच नाही लावला."

त्याने हात लावला नाही हे फार बरं झालं.

आता थोडं आत शिरते. नकाशाचा डेटा ज्यात साठवतात ती शेपफाइल म्हणजे एक फाइल नव्हे, चार-पाच फाइलींचा जुडगा असतो. एसएचपीत आकार, एसएचएक्समध्ये त्याची सूची, डीबीएफमध्ये तक्ता, पीआरजेत प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी मांडली ते), आणि सीपीजी नावाच्या एका चिमुकल्या फाइलीत जेमतेम एक शब्द: यूटीएफ-८. तक्त्यातला मजकूर कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे, म्हणजे अक्षरं बाइटांत कुठल्या पद्धतीने लिहिली आहेत, एवढंच ती सांगते. ईमेलला जोडताना लोक बाकीच्या उचलतात आणि ही काही बाइटांची फाइल मागे राहते. मग पलीकडच्या विंडोजच्या मशीनवर तीच बाइटं रोमन समजून वाचली जातात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यातलं पहिलं बाइट कायम तेच असतं. त्यामुळे कचरासुद्धा ठरावीक दिसतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन छोटा 'ए' दर तिसऱ्या जागी येतो, आणि बहुतेक वेळा त्याला चिकटून असतं चारी कोपऱ्यांना टोकं फुटलेलं बारीक वर्तुळ. हे जोडपं दिसलं की मला हायसं वाटतं. मजकूर जागच्या जागी आहे, वाचणारं मशीन चुकतंय. लेयर प्रॉपर्टीज, त्यात सोर्स, त्यात डेटा सोर्स एन्कोडिंग, तिथे यूटीएफ-८. झालं, नावं परत.

प्रश्नचिन्हांचं तसं नाही. फाइल नव्याने सेव्ह करताना कुणीतरी यादीतून आयएसओ ८८५९-१ किंवा तसलंच पश्चिम युरोपच्या भाषांपुरतं एन्कोडिंग निवडलेलं असतं. त्यात 'क'ला जागाच नाही. जागा न मिळालेल्या प्रत्येक चिन्हाच्या ठिकाणी सॉफ्टवेअर प्रश्नचिन्ह लिहून टाकतं, आणि ते खरोखरीचं प्रश्नचिन्ह असतं. त्याच्यामागे काही दडलेलं नसतं. मग कुठलीही सेटिंग बदला, उपयोग नाही.

शेपफाइलच्या आणखी दोन खोडी मराठीला फार जाचतात. रकान्याच्या नावाला दहा बाइटांची मर्यादा, म्हणजे तीन देवनागरी चिन्हं. 'ग्रामपंचायत' लिहायला गेलात तर 'ग्र'वर (ग, हलन्त आणि र) संपतं. मजकुराच्या एका चौकटीत २५४ बाइट मावतात, त्यामुळे इंग्रजीत ऐसपैस बसणारा शेरा मराठीत शंभराच्या आत तुटतो. जिओपॅकेज या त्याच कामाच्या नव्या प्रकारच्या फाइलीत यातलं काही होत नाही. ते मानक २०१४ पासून आहे आणि क्यूजीआयएस ३ स्वतःहून तेच सुचवतं. पण आमच्याकडून मागितली जाते ती शेपफाइलच.

हद्दींची फाइल फोनवरच नीट करून घेतली. नाल्यांच्या फाइलीने दुपार खाल्ली. तिच्यात जनगणना २०११चे सहा आकडी ग्रामकोड होते, आणि आकड्यांना कुठल्याही एन्कोडिंगमध्ये धक्का लागत नाही. त्या कोडवरून हद्दींच्या फाइलीतली गावांची नावं जोडून घेतली. नाल्यांच्या नावांना कोड नसतो. ती त्याने वहीतून पुन्हा भरली, वहीत नव्हती ती गावात फोन लावून विचारली. नकाशा वेळेत छापून झाला. शेरे मात्र बरेचसे गेले ते गेलेच, आणि पुढच्या आराखड्यात त्यांची गरज लागणार आहे.

क्यूजीआयएसचं मॅन्युअल मी मनापासून मानते. युजर गाइड आहे, ट्रेनिंग मॅन्युअल आहे, आणि अगदी नवशिक्यांसाठीची जीआयएसची, म्हणजे संगणकावरच्या नकाशाशास्त्राची, ओळख आहे, जी मुळात दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतासाठी तयार झाली. एन्कोडिंगचा उल्लेखही त्यात आहे. पण युजर गाइडची मांडणी सॉफ्टवेअरच्या खिडक्यांप्रमाणे आहे: ही खिडकी, त्यात हा टॅब, त्यात ही चौकट. शब्द आधीच माहीत असेल तरच शब्दकोशात तो सापडतो, तशातली गत. आमच्या कार्यकर्त्याला 'एन्कोडिंग' हा शब्दच ठाऊक नव्हता. त्याला पडद्यावर प्रश्नचिन्हं दिसत होती.

मॅन्युअलचा मजकूर गिटहब या संकेतस्थळावर ठेवलेला असतो आणि तिथे कुणालाही बदल सुचवता येतात. म्हणून मी तिथल्या भांडारात एक सूचना मांडली: 'तुम्हाला हे दिसतंय का' अशा लक्षणांपासून सुरू होणारं एक प्रकरण असावं. त्यात मराठी नावांचा हा प्रकार येईल, आणि दुसरा आमच्याच जिल्ह्यातला. ७८ अंश पूर्व रेखांश यवतमाळ जिल्ह्यातून जातो, त्यामुळे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम पद्धतीत पुसद ४३ व्या पट्ट्यात येतं आणि वणी ४४ व्या. दोन्हीकडची माहिती एकत्र करताना लोक लेयर नीट रिप्रोजेक्ट करण्याऐवजी, म्हणजे त्याचे आकडे नव्या पट्ट्यात बदलून घेण्याऐवजी, त्यावर नुसता नवा सीआरएस (निर्देशांक पद्धतीचं लेबल) चिकटवतात आणि अख्खं गाव शेकडो किलोमीटर सरकतं.

तपासणाऱ्या स्वयंसेवकाने सूचना बारकाईने वाचली, एवढ्यासाठीच मला त्यांचं कौतुक आहे. त्यांचे दोन आक्षेप होते. जुनी वाक्यं बदलू नका, नवा परिच्छेद जोडा. कारण भाषांतरं परिच्छेदापरिच्छेदाने साठवलेली असतात आणि मूळ परिच्छेदात एक स्वल्पविराम हलला तरी तो प्रत्येक भाषेत पुन्हा तपासावा लागतो. हे लगेच पटलं. दुसरा आक्षेप जड आहे. खिडकी बदलली की तिच्यावरचं पान बदलायचं हे सगळ्यांना कळतं, पण लक्षणांच्या पानाचा धनी कोण? दर वर्षी क्यूजीआयएसची नवी दीर्घकालीन (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती येणार, तेव्हा त्यातली प्रत्येक पायरी कोण करून बघणार?

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तरी लक्षणांचं पान नसणं हे जुनं पान असण्यापेक्षा वाईट, असंच मला वाटतं. पडद्यावर कचरा पाहणारा माणूस मॅन्युअलमध्ये वाट चुकला, तर तो ओळखीच्याला फोन लावतो. उत्तर त्याला मिळतं, पण फोन ठेवला की ते तिथेच संपतं. त्याच्या शेजारच्या तालुक्यातला मुलगा पुढच्या महिन्यात तोच फोन पुन्हा लावतो.

चर्चा अजून चालू आहे. तोवर आम्ही प्रशिक्षण देणाऱ्या काही जणांनी मराठीत ते पान लिहायला घेतलंय, मॅन्युअल ज्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट पद्धतीने लिहिलेलं आहे त्याच पद्धतीने, म्हणजे उद्या मूळ मॅन्युअलमध्ये स्वीकारलं गेलं तर नव्याने मांडायला नको. कचऱ्याचं चित्र आधी, मग 'सेव्ह करू नका' ही ओळ, मग मेनूची वाट, आणि कारण सगळ्यात शेवटी. शीर्षकासाठी मी त्या कार्यकर्त्यालाच विचारलं, तू शोधताना काय टाइप केलं असतंस? तो म्हणाला, 'क्यूजीआयएस मराठी नाव प्रश्नचिन्ह'. तेच ठेवलं. गिटहबवर त्याचं खातंही उघडून दिलंय, आणि पुढची दीर्घकालीन आवृत्ती आली की पानावरच्या पायऱ्या पहिल्यांदा तो करून बघणार आहे.