नायट्राइट सापडलं ते साडेदहाला

एमएस्सीच्या प्रोजेक्टचं काम मॅडमनी एका वाक्यात सांगितलं होतं, "नायट्रेटचं नायट्राइट करायचं आणि तिथेच थांबायचं." गाळातले काही जिवाणू ऑक्सिजन नसला की नायट्रेट वापरतात, त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग पुढे नायट्रोजन वायू. मला त्यांना पहिल्याच पायरीवर अडवायचं होतं. वाटलं, महिन्याभरात होईल. साडेचार महिने गेले.

एरवी सांडपाण्यात नायट्राइट साठलं की प्लांटवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आम्हाला नेमकं तेच हवं होतं. शेजारच्या टेबलावरच्या दादाने वर्षभर ॲनामॉक्स नावाच्या जिवाणूंचे लालसर दाणे जपले होते. हे जिवाणू अमोनिया आणि नायट्राइट मिळून नायट्रोजन वायू करतात. अमोनियाच्या एका भागाला नायट्राइट लागतं साधारण १.३२ भाग, आणि ते पुरवणं माझ्याकडे आलं.

गाळ आणला उपनगरातल्या एका सांडपाणी केंद्रातून. पाच लिटरचा कॅन, लोकलचा मालडबा. झाकण घट्ट होतं तरी कॅन गुरगुरत होता. शेजारच्या मासेवाल्या मावशींनी पाटी लांब सरकवली. "पोरी, माझे बोंबील बरे गं!" म्हणाल्या.

रिॲक्टर म्हणजे दोन लिटरची बाटली आणि खाली मॅग्नेटिक स्टिरर. सुरुवातीला मी स्टिरर जोरात फिरवत होते, मध्ये भोवरा पडायचा आणि हवा आत ओढली जायची. ऑक्सिजन मिळतोय म्हटल्यावर जिवाणू नायट्रेटकडे बघतात कशाला? हे लॅबमधल्या काकांनी दाखवलं. म्हणाले, "अगं, ताक घुसळतेयस का?" स्टिरर मंद केला, बाटलीला बूच लावलं, आतली हवा घालवायला आधी नायट्रोजन सोडला. नायट्रेट भराभर उतरू लागलं. पण नायट्राइट? शून्य. तीन आठवडे शून्यच.

नायट्राइटची टेस्ट दिसायला सुंदर असते. सल्फानिलामाइड आणि एनईडी ही दोन रसायनं घातली की नळीत गुलाबी रंग चढतो, तो स्पेक्ट्रोवर, म्हणजे रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर, ५४३ नॅनोमीटरला वाचायचा. माझ्या नळ्या मात्र पांढऱ्याफटक.

चूक गाळात नव्हती, माझ्या वेळेत होती. नायट्रेट आणि जिवाणूंचं खाणं यांचा डोस दहाला द्यायचा, मग लेक्चर, आणि बाराला सॅम्पल. एका मंगळवारी लेक्चर रद्द झालं म्हणून नुसतीच बसले होते, तेव्हा दर दहा मिनिटांनी सिरिंजने पाणी काढून फिल्टर करून ठेवलं. दहा-दहाची नळी फिकट गुलाबी, दहा-वीसची कोकम सरबतासारखी, साडेदहाची इतकी गडद की पन्नासपट पातळ करावी लागली. अकराला पुन्हा फिकट. म्हणजे नायट्राइट रोज होत होतं आणि मी पोचायच्या आत संपत होतं!

समोर नायट्रेट आहे तोवर हे जिवाणू त्यावरच तुटून पडतात. पहिली पायरी झपाट्याने चालते, नायट्राइटची मागे रेंगाळते. नायट्रेट संपलं की मग नायट्राइटची पाळी. आणि मी त्यांना ॲसिटेट वाढत होते आईच्या हाताने, ४० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनला (म्हणजे नायट्रेटमधल्या नायट्रोजनला) २०० मिलिग्रॅम सीओडी. सीओडी म्हणजे पाण्यातल्या अशा खाण्याचं माप. पोटभर जेवण मिळाल्यावर ते अर्ध्या वाटेत कशाला थांबतील? सीओडी शंभरावर आणला, डोस ते पाणी काढणं ही सायकल तीस मिनिटांवर. नायट्राइट-नायट्रोजन तिशीच्या आसपास टिकू लागलं.

मग सीओडीचा घोळ झाला. सायकलच्या शेवटी सीओडी अपेक्षेपेक्षा तिसेक मिलिग्रॅम जास्तच यायचा. ॲसिटेट उरतंय समजून मी ते अजून कमी केलं, तर नायट्रेट शिल्लक राहायला लागलं. दोन आठवडे त्यात गेले. खरं तर सीओडीच्या टेस्टमध्ये किती डायक्रोमेट खर्च झालं ते मोजतात, आणि नायट्राइटसुद्धा डायक्रोमेट खातं, दर मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनमागे १.१ मिलिग्रॅम सीओडी फुकटचा दिसतो. उपाय पुस्तकात होता, नायट्राइट काढून टाकणारं चिमूटभर सल्फॅमिक ॲसिड. ते पान मी आधी वाचायला हवं होतं, दुसरं काय.

असं नायट्राइट साठवणाऱ्या गाळात बहुतेकदा थाउएरा नावाचे जिवाणू माजलेले सापडतात. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ थाउअर यांच्यावरून. माझ्या बाटलीत तेच होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. जिवाणू ओळखायला डीएनए सिक्वेन्सिंग लागतं, त्याला पैसे नव्हते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक लिटर पाणी दादाला दिलं. त्याने आधी पट्टीने नायट्राइट तपासलं, मग नायट्रेट, मग सीओडी, आणि शेवटी बाटली हुंगली. संध्याकाळी मी निघाले तेव्हा त्याच्या रिॲक्टरमध्ये बारीक बुडबुडे वर येत होते. "उद्या दोन लिटर दे," एवढंच म्हणाला.