चार हजार शंभर मीटर

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. सिनेमा मात्र हल्ली चोवीस तास येतो, तोही सोफ्यासमोर. परवा दुपारी दोन्ही एकदम आले.

मे महिना, पारा ४४ला टेकलेला. कूलर नुसताच घरघरत होता, कारण त्याच्यात ओतायचं पाणी अजून यायचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी एक जुना सिनेमा लावून बसलो होतो. अण्णांना आता पंच्याऐंशी पूर्ण. ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज असा की शेजाऱ्यांनाही संवाद फुकटात. अकराला लावलेला सिनेमा दोन वाजले तरी मध्यंतराच्या जरासा पुढेच सरकलेला. एकदा कुकर, एकदा कुरिअरवाला, दोनदा अण्णांचं बाथरूम, एकदा भाचीचा फोन. प्रत्येक वेळी मी बटण दाबायचो आणि नायक तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, असा अडकून पडायचा. कितीही देखणा माणूस असो, नको तिथं थांबवला की रवंथ विसरलेल्या म्हशीसारखा दिसतो. ज्याच्या फोटोसाठी आमच्या वर्गात मारामाऱ्या झाल्या, त्याला या अवस्थेत बघायची वेळ यावी, याला काय म्हणायचं?

थेटरात हे नव्हतं. तिथं सिनेमा कुणासाठी थांबत नसे. लघवीला गेलात तर एक गाणं गेलं. परत येऊन अंधारात गुडघे चुकवत शेजारच्याला विचारायचं, “काय झालं मधी?” तो पडद्यावरची नजर न हलवता सांगायचा, “काय नाय, बाप मेला.”

आणि एक. सिनेमा सर्टिफिकेटापासून बघायचा, नाहीतर तो बघितला असं धरायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. अजून मी पाळतो. बायको म्हणते, माझी सगळी देवभक्ती त्या कागदावर खर्च झालीय. पण हा नियम अण्णांचा. अण्णा मिलमध्ये टाइमकीपर होते. अख्ख्या खात्याच्या हजेऱ्या लावणारा माणूस. थेटरात दिवे गेले, पडद्यावर स्लाइडी झाल्या, न्यूजरीलमधला पूर ओसरला, की ते सीटच्या कडेवर यायचे. सेन्सॉरचं सर्टिफिकेट जेमतेम आठ-दहा सेकंद दिसतं. तेवढ्यात लोक नाव वाचतात, फार तर ‘ए’ आहे का ते बघतात. अण्णा लांबी वाचायचे. “सोळा रिळं. चार हजार तीनशे ऐंशी मीटर.” मग डोळे मिटून दोन श्वास. “दोन तास चाळीस.” खालच्या कोपऱ्यात त्रिकोण असला तर तेवढंच वर, “कापलाय.” सेन्सॉरनं काही काढायला लावलं असेल तर सर्टिफिकेटावर त्रिकोण काढतात, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. बहुतेक प्रोजेक्टर चालवणाऱ्या कुणीतरी. बिडीच्या ओळखी.

मीटरचे तास कसे होतात, ते मात्र मला घरी समजलं. शाळेबाहेर फिल्मचे तुकडे विकत मिळायचे. गल्लीतला एक मित्र आणि मी, आम्ही त्यांचा सिनेमा करायचो. उडालेल्या बल्बचं टोपण काढायचं, आतलं सगळं खुडून पाणी भरायचं, की झालं भिंग. खोलीत अंधार, दाराला फट. एकानं बाहेर उन्हात आरसा धरून तिरीप आत सोडायची, दुसऱ्यानं आत तिरपेत फिल्म आणि बल्ब धरायचा. ऊन ही एक गोष्ट सोलापुरात कधी कमी पडली नाही. भिंतीवर हेलनसारखं कुणीतरी उलटं उभं राहायचं. फिल्म उलटी धरली की सुलटं. बाहेरचा ओरडायचा, “दिसालंय का बे? हात भाजालालाय!” आणि सूर्य सरकला की हेलन भिंतीवरून खुंटीवर, खुंटीवरून अण्णांच्या सदऱ्यावर.

एकदा सदऱ्याच्या मालकानंच पकडलं. मार बसणार असं वाटलं. त्यांनी फिल्मचा तुकडा उजेडात धरला, चौकटी मोजल्या. “पाच,” म्हणाले. “फुटाला सोळा चौकटी. सेकंदाला चोवीस पळतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला नव्वद. मीटरात काढशील तर हजार मीटरला साडेछत्तीस मिनिटं.” मग तुकडा परत देत म्हणाले, “तुमचा हा सिनेमा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा आहे. मध्यंतर कधी करताय?”

एवढा हिशेब करायचं कारण होतं. अण्णांची दुसरी पाळी असली की आम्ही बाराच्या खेळाला जायचो. मे महिन्यात दुपारी बाहेर कावळा दिसत नसे आणि आत ‘वातानुकूलित’. निम्मे लोक पाटीवरचा हा शब्द वाचूनच आत यायचे. पाळी साडेतीनची. टाइमकीपरनं पंधरा मिनिटं आधी हजर पाहिजे, सायकलवर वीस मिनिटं. म्हणजे दोन पंचावन्नला उठायचं. स्लाइडी, न्यूजरील, मध्यंतर यांची पंचवीस मिनिटं वजा केली की उरतात अडीच तास. अडीच तास म्हणजे चार हजार शंभर मीटर. त्याच्या आत असला तर सिनेमा अण्णांचा. चार हजार शंभरच्या वर गेला की ते माझ्याकडे झुकून म्हणायचे, “शेवट तू बघ. सकाळी सांग.” आणि नायकाची आई खांबाला बांधलेली असताना, थेटर शिट्ट्यांनी दणाणत असताना, हा माणूस शांतपणे चपला चाचपून उठायचा. दार उघडायचं, पांढऱ्या उन्हाचा एक पट्टा आत पडायचा, लोक कावायचे, दार बंद. त्यानंतर मी आणि तो मित्र.

मग सकाळी नळाजवळ, तोंडात राखुंडी असताना अण्णा विचारायचे, “मग? सुटली का आई?”

पहिल्यांदा मी खोटं बोललो ते नाइलाजानं. गार हवेत शेवटाला मला झोप लागली होती. टाइमकीपरसमोर झोपलो असं सांगायची सोय नव्हती. मी म्हणालो, “सुटली.” पुढं काय, कोणी सोडवली, त्यांनी सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ते चूळ भरून म्हणाले, “बरं झालं.” त्या ‘बरं झालं’ची मला चटकच लागली. पुढे मी जागा राहायचो, डोळ्यांदेखत माणूस मरायचा आणि सकाळी मी त्याला जिवंत करायचो. रात्री बारानंतर सायकल हाणत आलेला, डोळ्यांत कापसाची कुसं गेलेला माणूस. त्याला सकाळी सकाळी कोण सांगणार, मेला म्हणून? मित्र एकदा शेजारी उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “खोटं का सांगालालास बे? मेला की तो!” मी म्हटलं, तुला काय करायचंय?

खरं तर त्याला बोलायचा अधिकारच नव्हता. तो पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारा. मला पूर्वभागात गेंट्यालला तेलुगू सिनेमे बघायला न्यायचा आणि कानात भाषांतर करायचा. त्याचं भाषांतर अर्धा मिनिट उशिरा यायचं. त्यामुळे एकाच विनोदाला मी दोनदा हसायचो, एकदा थेटराबरोबर आणि एकदा एकटा. नायक पाच मिनिटं हात नाचवत बोलायचा आणि हा सांगायचा, “नको म्हणालालाय.” आता खाली सबटायटल येतात. बघतो तेव्हा कळतं, त्यानंही मला बऱ्याच गोष्टी सांगितल्याच नव्हत्या. काही त्यानं रचल्याही असतील.

मिल बंद पडली, पाळ्या संपल्या. अण्णांना सगळ्या सिनेमांचे शेवट बघता येतील एवढा वेळ मिळाला, तेव्हा थेटरात जाणंच सुटलं होतं. घरात टीव्ही, मग केबल. घरी सिनेमा बघताना अण्णा वर्तमानपत्र वाचतात. दोष त्यांचा नाही. घरचा सिनेमा कुठं जात नाही, हे माहीत असलं की माणूस त्याच्याकडे नीट बघत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यासाठी चादर नवी निघते, घरच्या माणसाला कोण विचारतो? हे मी ठासून सांगतोय खरं, पण ४४ डिग्रीत बनियनवर पाय पसरून, शेंगा फोडत सिनेमा बघण्याचं सुखही मला कुणी खोडून दाखवावं.

२०१६च्या मे महिन्यात अण्णांना मुद्दाम ‘सैराट’ला नेलं. आपल्या जिल्ह्यातला, करमाळ्याकडचा, जेऊरच्या पोरानं काढलेला. पडद्यावर आपल्याकडची बोली ऐकून अण्णा खुलले. गाण्याला पोरं खुर्च्यांतून उठून नाचायला लागली, चिल्लर उडाली, तेव्हा शहात्तर वर्षांचा हा माणूस पायानं ठेका धरत होता. आणि मग तो शेवट. आवाजच गेलेला. अख्खं थेटर गप्प. एवढं भरलेलं थेटर इतकं गप्प मी त्याआधी ऐकलं नव्हतं. स्कूटरवर अण्णा सात रस्ता चौकापर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “असला शेवट मी कधी बघितला नाही.”

रडवे सिनेमे लांब असतात. चार हजार शंभरच्या वरचे. त्यांचे शेवट अण्णांनी माझ्याकडूनच घेतलेले. माझ्या बापाला वाईट शेवटांची सवयच नाही, आणि त्याला कारण मी, हे मला त्या सिग्नलला कळलं.

नंतर एकदाच मल्टिप्लेक्सला नेलं. दारातल्या पोरानं खिशातले खारे शेंगदाणे काढून ठेवायला लावले, तिथंच अर्धा रुसवा झाला होता. सर्टिफिकेट आलं, अण्णा सवयीनं सीटच्या कडेवर आले. तर त्याच्यावर रिळं नाहीत, मीटर नाहीत. सरळ लिहिलेलं : १४८ मिनिटं ३२ सेकंद. अण्णा बघत राहिले. कुणीतरी आयतं गणित सोडवून वही परत दिल्यासारखा चेहरा. मला वाटलं, संपलं. पण दोन श्वासांनी कानाशी आवाज आला, “चार हजार सत्तर. पंधरा रिळं धर.” आणि मग ते आरामात मागे टेकले.

तर परवाची दुपार. बायको आतून ओरडली, “पाणी आलं!” बटण दाबलं. मोटर लावली, बॅरल, घागरी, बादल्या, कूलर, सगळं भरायला लागलो. पाऊण तासानं मोटर टाकीवर लावून घाम पुसत बाहेर आलो. पडद्यावर धाकटा भाऊ अडकून उभा होता, हात पसरलेला, थोरल्याच्या पुढे झेपावताना. तेव्हा मला एकदम आठवलं, हा कुठला सिनेमा आहे ते. चार हजार शंभरच्या वरचा. गोळी सुटणार आहे आणि धाकटा जाणार आहे. नळाजवळ मी अण्णांना सांगितलं होतं की गोळी खांद्याला लागली. दवाखान्यात नेलं. वाचला. उत्साहाच्या भरात डॉक्टरच्या मुलीशी त्याचं लग्नही लावून दिलं होतं.

म्हटलं, “अण्णा, पडता का जरा? उरलेला उद्या बघू.”

“किती राहिलाय?”

कोपऱ्यात आकडा होताच. “एकोणीस मिनिटं.”

“पाचशे मीटर,” ते म्हणाले. “पाचशे मीटरसाठी कोण उठतं? आज मला पाळी नाही. लाव.”

लावला. गोळी सुटली. धाकटा थोरल्याच्या मांडीवर गेला. आई आली, कॅमेरा चितेवरून आभाळात चढला. मी अण्णांकडे बघितलं नाही, शेंगांची टरफलं गोळा करत बसलो.

बराच वेळ नुसता मोटरचा आवाज. मग अण्णा म्हणाले, “हा शेवट तो नव्हे.”

“हं.”

“खांद्याला लागली होती त्याला. लग्न झालं नंतर. डॉक्टरची पोरगी होती.” त्यांनी चष्मा काढला, पंचाला पुसला, परत घातला. पडद्यावर आता दुसराच कुठलातरी सिनेमा बघा म्हणून चौकोन आले होते. “पुढचं कापलंय यांनी. सर्टिफिकेटावर त्रिकोण होता का रे? सकाळी मला नीट दिसलं नाही.”

“होता,” मी म्हणालो आणि मोटर बंद करायला उठलो.