बान्स्कोतले ऐंशी दिवस आणि विजेचं एक बिल

“वीज भाड्यात धरली आहे ना?” असं मी घरमालकिणीला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिने मान हलकेच वर-खाली केली आणि मी निश्चिंत झाले. ऑक्टोबरचं बिल हातात पडलं तेव्हा कळलं, तो नकार होता. बल्गेरियात मान वर गेली की ‘नाही’ आणि आडवी हलली की ‘हो’. हे मी निघण्यापूर्वी वाचलंही होतं, पण ऐन वेळी डोक्याने पुण्याचाच अर्थ लावला. बिल २१० लेव्हांचं (लेव्ह हे तेव्हाचं बल्गेरियाचं चलन), म्हणजे सुमारे १०७ युरोंचं. महिन्याचं भाडं ३३० युरो असताना हे चांगलंच लागलं. तेव्हापासून ‘दा’ (हो) की ‘ने’ (नाही), हे तोंडाने वदवून घ्यायची सवय लावून घेतली. त्यातही गंमत म्हणजे काही जण परदेशी माणसाच्या सोयीसाठी मुद्दाम आपल्यासारखी मान हलवतात!

बान्स्को हे सोफियाच्या दक्षिणेला साधारण दीडशे किलोमीटरवरचं, पिरिन पर्वताच्या पायथ्याचं गाव. वस्ती दहा हजारांच्या आतली. हिवाळ्यात इथे स्कीइंगची जत्रा भरते, आणि त्या गर्दीसाठी बांधलेले असंख्य फ्लॅट उरलेले महिने रिकामे पडून असतात. स्वस्ताईचं कारण हेच. घरून काम करणारे परदेशी लोक इथे गेल्या दहाएक वर्षांत जमले, त्यामुळे कोवर्किंगची जागा, चांगलं इंटरनेट आणि इंग्रजी समजणारा कॅफेवाला हे तिन्ही मिळतात. मी सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ राहिले. डिसेंबरात हंगाम सुरू झाला की भाडी चढतात.

घर निवडताना फोटोतला डोंगर बघू नका, घर तापतं कशाने ते बघा. गोंडोलाजवळच्या (डोंगरावर नेणाऱ्या रोपवेजवळच्या) नव्या संकुलांत बहुतेक वीज. जुन्या गावातल्या दगडी घरांत लाकडाची शेगडी. विजेचा रात्रीचा दर दिवसापेक्षा कमी असतो आणि आपण दिवसभर घरात लॅपटॉपपुढे, म्हणजे नेमके महाग तासच आपल्या वाट्याला. मीटरचा फोटो आल्या दिवशीच काढून ठेवा. जुन्या गावात राहणाऱ्यांना दुसरी अडचण धुराची. नोव्हेंबरच्या संध्याकाळी सगळी धुराडी एकदम पेटतात आणि धूर गल्लीतच साचून राहतो. दम्याचा त्रास असेल तर उन्हाळाच गाठा.

भारतातल्या ऑफिससाठी काम करणाऱ्यांना वेळेचं गणित मात्र झकास जमतं. उन्हाळ्यात बल्गेरिया आपल्या अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. सप्टेंबरात पुण्याच्या दहाची मीटिंग माझ्याकडे साडेसातला, आणि साडेचारला दिवस मोकळा. शेवटच्या ऑक्टोबरी रविवारी घड्याळं तासभर मागे गेली, तशी तीच मीटिंग साडेसहाला आली. गॅलरीत कुडकुडत “माझा आवाज येतोय का?” विचारण्यात काही मजा नाही.

मोकळ्या वेळेसाठी पिरिन आहेच. २,९१४ मीटरचं विहरेन शिखर शनिवार-रविवारी ठेवा. संध्याकाळी धावतपळत जायची जागा ती नव्हे. बांदेरित्साच्या रस्त्यावर तेराशे वर्षांचं मानलं जाणारं एक पाइनचं झाड आहे, तिथे मी दोनदा गेले. दमून आलात तर शेजारच्या बान्या आणि दोब्रिनिश्ते गावांत गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्या वज्रेश्वरीसारखे, फक्त पोहण्याच्या तलावात आणलेले.

खाण्याचं मला वाटलं होतं तितकं अवघड नाही. शाकाहारींनी ‘पोस्तनो’ हा एक शब्द पाठ करावा. ऑर्थोडॉक्स उपासाचं, म्हणजे मांस, दूध, अंडी काहीच नसलेलं जेवण. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मला एकदा मासा आणून दिला होता. ‘पोस्तनो’ म्हटल्यावर बीन्सचं गरम सूप आलं. भाजलेल्या वांग्याचं आणि मिरचीचं ‘क्योपोलू’ म्हणजे भरीतच, लसूण सढळ हाताने घातलेलं. दही उत्तम, कढी फक्कड होते. गोडा मसाला आणि तूरडाळ मात्र घरूनच न्या. सप्टेंबरात अंगणाअंगणात लाल मिरच्या भाजून ‘ल्युतेनित्सा’ नावाची चटणी वर्षभरासाठी भरतात. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींना सगळे ‘बाबा’ म्हणत. इथे बाबा म्हणजे आजी! पहिल्या दिवशी मी दारात एखादा म्हातारा गृहस्थ शोधत होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवरचा अल्पकालीन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा, आणि त्यात बाकी शेंगेन देशांतले दिवसही मोजले जातात. हा पर्यटनाचा व्हिसा आहे, कामाचा परवाना नव्हे. त्यावर लॅपटॉप उघडायचा की नाही हे दूतावासाला आणि आपल्या कंपनीला लेखी विचारा. जास्त राहायचं तर डी व्हिसाचा, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाचा मार्ग आहे. १ जानेवारी २०२६ पासून चलन युरो झालं, तेव्हा कुणी लेव्ह देऊ केले तर घेऊ नका.

सोफियाहून बसने तीनेक तास लागतात. परतताना मी मुद्दाम छोटी गाडी धरली. सेप्तेंव्री गावापर्यंतचा हा ७६० मिलिमीटर रुंदीच्या रुळांचा मार्ग माथेरानच्या गाडीपेक्षा थोडा रुंद. पाच तासांच्या आसपास, हीटर नावाला, पण अव्रामोवो स्टेशनकडे चढताना खिडकी सोडवत नाही. मोठी बॅग असेल तर या फंदात पडू नका.

आणि बाबांनी दिलेली ल्युतेनित्साची बरणी चेक-इन सामानातच टाका. विमानतळाच्या नियमांत चटणीही द्रवच. माझी सोफियाच्या सुरक्षा तपासणीतच राहिली.