पाय सुटला तरी ब्रेक सुटेना

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची. बाबांनी घेतलेली ही गाडी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीखाली उभी असते आणि आजही आठवड्यातून दोनदा तरी रस्त्यावर येते. फियाटच्या ११०० या मोटारीवरून कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे पेडल दाबले की तेलाच्या दाबाने ‘शू’ नावाच्या कमानी चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात. गेल्या पावसाळ्यानंतर घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट उतरून परतताना पुढच्या डाव्या चाकातून लायनर (शूवरचे घासणारे अस्तर) जळल्याचा उग्र वास येऊ लागला आणि माजिवड्यापर्यंत येईतो गाडी सतत डावीकडे ओढू लागली.

तेव्हा मी जे केले ते बहुतेक जण करतात. ड्रम उघडला, काळे चकचकीत झालेले लायनर बदलले, शूच्या ओढस्प्रिंगा नव्या टाकल्या, तेलाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरला नवे रबर किट बसवले आणि वागळे इस्टेटमधल्या एका लेथवर दोन्ही पुढचे ड्रम गोल करून घेतले. पंधरा दिवस गाडी बरी चालली. मग तोच वास, तीच ओढ. नवे लायनरही जळू लागलेले पाहून मला मनापासून वाईट वाटले.

खरे तर गाडीने खूण आधीच दिली होती. ब्रेक दाबला की ती क्षणभर उजवीकडे जाई आणि पाय काढल्यावर डावीकडे ओढे. नुसते लायनर तेलकट झाले असते, तर पाय काढल्यावर ओढ राहण्याचे कारण नव्हते. डाव्या चाकाचा ब्रेक उशिरा लागत होता आणि उशिरा सुटत होता, म्हणजे त्याच्याकडे जाणारे तेल येता-जाता कुठेतरी अडत होते. आमच्या गाडीवर बाबांच्या काळापासून काम करणारे मिस्त्रीकाका हे ऐकताच म्हणाले, ‘‘अरे, पुन्हा ड्रम कशाला उघडतोस? आधी दाब कुठं अडकलाय ते बघ.’’

त्यांनी गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यावर ठेवली आणि मला ब्रेक दाबून सोडायला सांगितले. चाक हाताने फिरेना. मग त्यांनी त्याच चाकाच्या ब्रेकमधली हवा काढायची निपल किंचित सैल केली. तेलाची छोटी चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. शू अडकले असते किंवा स्प्रिंगा मेल्या असत्या, तर निपल उघडूनही चाक जामच राहिले असते. त्यामुळे एवढ्या एका कृतीत ड्रमच्या आतला सगळा भाग संशयातून सुटला. निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबला, सोडला आणि या वेळी चाकाकडे तेल नेणाऱ्या लवचीक रबरी नळीच्या, म्हणजे होजच्या, वरच्या टोकाशी येणाऱ्या लोखंडी पाइपचा जोड सैल केला. चाक जामच राहिले. या जोडापाशी ते सुटले असते, तर दोष पेडलने दाबून सगळ्या ब्रेकना तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे असता. पेडलच्या दांड्याला मोकळी चाल नसली किंवा तेल परत टाकीत जाण्याचे बारीक छिद्र बुजले, तरी ब्रेक धरून राहतो. पण दाब होजच्या पलीकडे, चाकाच्या बाजूला कोंडला होता.

होज काढून मी तो उभा चिरला. बाहेरून त्याला एकही भेग नव्हती, आत मात्र रबर फुगून वाट जवळजवळ बंद झाली होती. पायाचा जोर मोठा, म्हणून तेल त्या फटीतून पुढे रेटले जाते. परत ढकलायला फक्त शूच्या स्प्रिंगा असतात आणि त्यांची ताकद तेवढी नसते. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यापायी लायनरचा एक नवा संच जळाला.

उजवा होजही त्याच वयाचा असल्याने आम्ही तोही बदलला. ब्रेक ऑइल पूर्ण नवे भरले, कारण ते हवेतले पाणी शोषते आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत ते होणारच. डॉट ३ या दर्जाचे ताजे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, तर पाणी मुरलेल्या तेलाची ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. घाटात तापलेल्या ड्रमपाशी हा फरक जिवावर बेतू शकतो. शेवटी शूची जुळणी केली. पेडल आधी चार-पाच वेळा दाबून शू मध्यावर बसू दिले, मग चाक फिरवताना जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतकेच अंतर ठेवले.

एक कळकळीची विनंती आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. रबराच्या भागांना पेट्रोल किंवा इंजिन ऑइलचा थेंबही लागू देऊ नये, कारण त्याने रबर फुगते.

परवा गायमुखचा घाट पुन्हा उतरलो आणि खाली आल्यावर गाडी बाजूला घेऊन चारही चाकांजवळ हात धरून पाहिला. पुढची दोन्ही सारखीच कोमट होती. मागच्या आसाचा एकुलता होज अजून जुनाच आहे. तो येत्या रविवारी बदलणार आहे.