रक्तावरचा तवंग

"मुका मार आहे म्हणाले, पण पाय टेकवतच नाही ती," असं म्हणत मुलाने आईला उचलूनच आत आणलं. मावशी पन्नाशी ओलांडलेल्या. तीन दिवसांपूर्वी धार काढताना म्हशीने अंग फिरवलं आणि गुडघ्याला बाहेरून धडक बसली. पाऊल गव्हाणीच्या कडेत अडकलेलं, त्यामुळे पायाला सरकायला जागाच मिळाली नाही. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे झाला, हाड शाबूत असल्याचं सांगून क्रेप बँडेज आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं.

मी फिल्म उजेडात धरली. मलाही त्यात काही दिसलं नाही. नडगीचा माथा सपाट नसतो, मागे साधारण १० अंश उतरता असतो. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये पुढची आणि मागची कड नीट एका रेषेत येत नाही, आणि मधे पडलेला खळगा त्यांच्याआड लपून जातो.

पण गुडघा टम्म फुगला होता, दाबला की वाटी तरंगत होती. सांध्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीच्या माथ्यावर नुसतं बोट टेकवलं तर मावशींनी माझं मनगट घट्ट पकडलं. पावलाच्या नाडीत, बोटांच्या हालचालीत काही कमी नव्हतं. मला ते बोटाखालचं दुखणं सोडवेना.

गुडघ्यात सुई घातली. ५० मिलीची सिरिंज गर्द रक्ताने भरली. ते स्टीलच्या ट्रेमध्ये ओतून दिव्याखाली ठेवलं. मिनिटभरात वर बारीक चकत्या जमू लागल्या, रश्श्यावर तवंग यावा तशा. ट्रे कलता केला की एकमेकींत मिसळायच्या.

"सर, हे तेल कसलं?" सिस्टरने विचारलं.

ती हाडातल्या मगजाची चरबी होती. लिगामेंट तुटलं तरी गुडघ्यात रक्त भरतं, पण त्यावर असा तवंग दिसला की हाड सांध्याच्या आत फुटलंय असंच मी धरतो, फिल्म काहीही म्हणो.

सीटीत सगळं उघडं पडलं. नडगीच्या माथ्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागाचा पृष्ठभाग मधोमध ९ मिमी खचला होता, कड मात्र जिथल्या तिथे. टोरांटोच्या जोसेफ शाट्झकर यांनी १९७९ मध्ये या फ्रॅक्चरचे सहा प्रकार मांडले. आम्ही आजही त्याच आकड्यांत बोलतो. हा तिसरा.

"प्लास्टरने नाही का भागणार?" मुलाने विचारलं. त्याला म्हटलं, अंगणातली शहाबादी फरशी खचली तर वरून कितीही बांधलं तरी ती उठत नाही, खालून भराव घालावा लागतो.

तेच केलं. सांध्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाला छोटी खिडकी पाडली आणि सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना दिसणाऱ्या एक्स-रेवर, बघत वाकडा पंच (ठोकायची बोथट दांडी) आत सरकवला. हातोडीचा एकेक ठोका हलकाच द्यायचा, कारण वरची कूर्चा खालच्या हाडासकट एकसंध उठली पाहिजे. घाई केली तर पंच थेट सांध्यात घुसतो. सांध्यातली कूर्चेची गादी (मेनिस्कस) उचलून आत डोळ्यांनी पाहिलं. पृष्ठभाग शेजारच्या हाडाशी जुळला होता. खाली उरलेली पोकळी कमरेच्या हाडातून काढलेल्या तुकड्यांनी ठासून भरली, आणि पृष्ठभागाच्या अगदी खालून, माळ्याच्या वाशांसारखे ओळीने स्क्रू घालून बाजूला प्लेट बसवली.

दुसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवायला लावला. भार मात्र दहा आठवडे अजिबात नाही. मावशींना तेच सगळ्यात जड गेलं. वॉकर हातात असूनही ऐकणारं माणूस नव्हे ते. मुलगाच राखण करत बसला.

तिसऱ्या महिन्यात मावशी काठी टेकत आल्या. फिल्ममध्ये पृष्ठभाग समतल, गुडघा १२० अंशांपर्यंत वाकत होता. उकिडवं बसायचं नाही असं सांगितल्यावर त्या गप्प झाल्या.

"मग धार?"

मुलगा म्हणाला, "सुताराकडून बुटकं स्टूल करून आणलंय डॉक्टर. उंची किती ठेवू, तेवढंच सांगा."

मी माझ्या खुर्चीपाशी मावशींना उभं केलं आणि टेप मागवला.