सीपीयू ३० टक्क्यांवर, तरी गिटारचा आवाज का तुटतो?

लॅपटॉपवर ॲम्पच्या प्लगइनमधून, म्हणजे खऱ्या ॲम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, गिटार रेकॉर्ड करताय. विंडोजचा टास्क मॅनेजर सांगतो प्रोसेसर ३० टक्क्यांवर आहे, आणि हेडफोनमध्ये तडतड थांबत नाही. अशा वेळी बरेच जण नवा लॅपटॉप शोधू लागतात. त्याआधी हा आकडा नेमका कशाचा आहे ते बघा.

टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो. ऑडिओचं काम मात्र मुदतीवर चालतं. आवाज बफर नावाच्या छोट्या तुकड्यांनी पुढे जातो. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, म्हणजे सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात पुढचा तुकडा तयार झालाच पाहिजे, एकदा जरी उशीर झाला की क्लिक ऐकू येतो. त्यात एका ट्रॅकवरची प्लगइन एकामागून एक चालतात. ॲम्पमधून आवाज बाहेर पडल्याशिवाय कॅबिनेटला (स्पीकरच्या पेटीची नक्कल) कामच नसतं, म्हणून अख्खी साखळी साधारणपणे एकाच कोअरवर येते. आठ कोअरच्या मशीनवर एक कोअर पूर्ण भरला तरी सरासरीत तो जेमतेम साडेबारा टक्के दिसतो. म्हणून डीएडब्ल्यूचाच, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचाच, मीटर बघा. रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर उघडून ‘आरटी सीपीयू’ (मुदतीच्या कामाचा भार) वाचायचा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. आधी रेकॉर्ड झालेले ट्रॅक रीपर थोडे आगाऊ प्रोसेस करून ठेवतो, क्यूबेस या दुसऱ्या डीएडब्ल्यूमध्ये हेच काम एएसआयओ-गार्ड करतं. मॉनिटरिंग चालू असलेल्या, म्हणजे वाजवता वाजवता ऐकू येणाऱ्या, ट्रॅकला ही सवलत मिळू शकत नाही, कारण पुढचा स्वर तुम्ही अजून वाजवलेलाच नसतो. रिदमचे चार टेक झाले आणि चारही ट्रॅक आर्म करून (रेकॉर्डिंगला सज्ज ठेवून) मॉनिटरिंगवर तसेच सोडले, तर चार ॲम्प त्या २.६७ मिलिसेकंदांसाठी भांडतात. वाजवत असलेला ट्रॅक सोडून बाकी सगळ्यांचं आर्म आणि मॉनिटरिंग बंद करा. अनेकदा एवढ्यानेच तडतड थांबते.

माझ्या मते जड ॲम्प एका वेळी एकच जिवंत असावा. टेक पसंत पडला की ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तयार आवाज साठवला जातो आणि प्लगइन बंद होतात. गिटार मोनो आहे, तेव्हा साखळीत स्टिरिओ इफेक्ट नसेल तर मोनोच फ्रीझ करा. खालचा कोरा डीआय (ॲम्पशिवायचा थेट गिटारचा सिग्नल) सुरक्षित राहतो, त्यामुळे उद्या टोन बदलावासा वाटला तर अनफ्रीझ करता येतं.

साखळीत सर्वात खादाड काय, तर बहुतेक वेळा ओव्हरसॅम्पलिंग. डिस्टॉर्शन नवे हार्मोनिक तयार करतं. सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या वर गेलेले हार्मोनिक उलटे खाली येऊन बेसूर खरखर करतात. ती टाळायला प्लगइन आतल्या आत दुप्पट, चौपट, आठपट रेटवर चालतं, आणि गणितही जवळपास त्याच पटीत वाढतं. वाजवताना ते १ किंवा २ पटीवर ठेवा, फ्रीझ किंवा रेंडर करताना (अंतिम फाइल बनवताना) वाढवा. रेंडरला मुदत नसते, सावकाश झालं तरी चालतं. टोन किंचित बदलू शकतो, म्हणून नंतर एकदा नीट ऐका. प्रोजेक्टच ९६ किलोहर्ट्झवर असेल तर सगळा भार दुप्पट होतो, गिटारसाठी ४८ पुरे.

न्यूरल ॲम्प मॉडेलर (खऱ्या ॲम्पवरून शिकवलेलं मॉडेल चालवणारं प्लगइन) वापरत असाल तर मॉडेलचा आकार बघा. ‘स्टँडर्ड’पेक्षा ‘लाइट’, ‘फेदर’, ‘नॅनो’ क्रमाने हलके होत जातात. वाजवताना नॅनो, शेवटी स्टँडर्ड, हा सौदा चांगला आहे.

डबल ट्रॅक केलेल्या (एकच भाग दोनदा वाजवलेल्या) गिटारी भार वाचवायला एकाच ॲम्पमध्ये घालू नका. डिस्टॉर्शनमध्ये दोन सिग्नल एकत्र गेले की एकमेकांत मिसळून चिखल होतो. कॅबिनेटचा आयआर (त्याच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल) आणि साधा रिव्हर्ब मात्र रेषीय असतात, म्हणजे सिग्नल आधी मिसळले तरी निकाल तोच येतो. म्हणून ते बसवर, म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र येतात तिथे, सामायिक चालतात. डावी-उजवीकडे पॅन केलेल्या चार गिटारींना एकच कॅबिनेट हवं असेल, तर स्टिरिओ बसवर एकच आयआर लावा. चारऐवजी दोनच चॅनलचं गणित उरतं आणि आवाज तोच राहतो.

बफर शेवटी हलवा. १२८ वरून २५६ केल्यावर मुदत ५.३३ मिलिसेकंद होते. येण्या-जाण्याचे मिळून दोन बफर आणि वर कन्व्हर्टरचा उशीर धरला, तर बारा-तेरा मिलिसेकंदांपर्यंत जातं. जलद रिफ वाजवणाऱ्याला ते बोटांना कळतं. संथ कॉर्डना चालून जातं.

एवढं करूनही अधूनमधून एखादाच क्लिक येत असेल, आणि मीटर शांत असेल, तर दोष ॲम्पचा नाही. विंडोजवर लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर अडथळा आणतो ते दाखवणारं साधन) चालवा. वाय-फायचा ड्रायव्हर हा नेहमीचा संशयित, रेकॉर्डिंगपुरता बंद करून बघा. इंटरफेसच्या (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या उपकरणाच्या) कंपनीचाच एएसआयओ, म्हणजे कमी उशिराचा, ऑडिओ ड्रायव्हर वापरा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा आणि लॅपटॉप चार्जरवर लावा. आणि तडतड दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होत असेल, तर प्रोसेसर तापून वेग कमी करतोय का ते तापमान बघून तपासा.