मोर्शीचं वावर, रोडगे आणि गाडीतल्या गाद्या

वरणाची वाटी कलंडली तेव्हा आमची घरगाडी मोर्शीजवळ, नणंदेच्या सासरच्या वावरात उभी होती. नोव्हेंबरची संध्याकाळ. बाहेर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. दव पडायला लागलं म्हणून मुलांना आत गाडीत वाढलं होतं. आमच्या कालू कुत्र्याने शेपूट हलवलं, ते थेट धाकट्याच्या ताटाला लागलं. तुपाची धार सोडलेलं पिवळंधमक वरण गादीवर पसरलं. मोठीने माझ्याकडे पाहिलं. ती घाबरली होती, आणि ती भीती मीच तिच्या मनात घातली होती.

गेल्या वर्षी याच गाडीतून चिखलदऱ्याला गेलो होतो. गाडी दिराची. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये त्याने हौसेने घर बसवून घेतलंय: दिवसा समोरासमोर दोन बाकं आणि मधे टेबल, रात्री टेबल खाली घेतलं की पलंग. गाद्यांना फिकं बदामी कापड, तेही फोमवर कायमचं शिवून टाकलेलं. त्या प्रवासात चार दिवस माझ्या तोंडी एकच, "हात लावू नको, पाय वर घेऊ नको." तरी पिठलं सांडलंच. मी साबण लावून घासलं तर डाग पिवळ्याचा लालभडक झाला. गादी जळली की काय असं वाटून मी रडकुंडीला आले. घरी आल्यावर कारण कळलं. हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याला साबणातला अल्क लागला की ते लाल होतं आणि लिंबू लागलं की परत पिवळं. डाग मात्र तिथेच राहतो.

यावेळी निघायच्या आधीच ठरवलं, गादीवरचं कापड दोन मिनिटांत निघालं पाहिजे. नागपूरहून आधी वर्ध्याला गेलो, मगन संग्रहालयातून काथासारख्या तपकिरी रंगाची जाडीभरडी खादी घेतली. मातीचा डाग पडला तरी डोळ्यांत भरणार नाही असा रंग मुद्दाम निवडला. सेवाग्रामला बापूकुटीत मुलं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून शांत बसली, तेवढाच त्या दिवसाचा निवांतपणा. कापड रात्रभर बादलीत भिजवून दुसऱ्या दिवशी वाळवलं. नवी खादी आटते. न भिजवता खोळी शिवल्या तर पहिल्याच धुण्यात त्या गादीला तोकड्या पडतात. मग वर्ध्यातच एका शिंप्याकडून प्रत्येक गादीला दोन-दोन खोळी शिवून घेतल्या. खालून बांधायला नाड्या लावल्या. वेल्क्रो नको म्हणून मीच अडून बसले, कारण त्याच्या आकड्यांत कुत्र्याचे केस आणि कुसळं अशी रुततात की चार दिवसांत ते चिकटेनासं होतं.

खोळीच्या खाली मेणकापड घातलं. वरून प्लास्टिक टाकणारे बरेच भेटतात, पण आपल्याकडच्या उन्हात ते अंगाला चिकटतं, खाली घामाचं तळं होतं. मेणकापड आत असलं की बसायला सुती कापडच लागतं आणि फोमपर्यंत ओल पोचत नाही. एक मात्र पाळायलाच हवं. रात्री चौघांच्या श्वासाची वाफ गार पडून गादीच्या तळाशी दमटपणा धरते, म्हणून सकाळी गाद्या उभ्या करून वारा लागू द्यायचा. नाहीतर बुरशीचा वास येतो आणि तो सहज जात नाही.

तर ती वाटी. मी चमच्याने वरण कडेकडून मधे ओढत उचललं, नाड्या सोडल्या, खोळ काढली. मेणकापड पुसलं, दुसरी खोळ चढवली. धाकट्याचा रोडगा गारही झाला नव्हता. तुपाच्या डागावर ज्वारीचं पीठ भुरभुरून खोळ तशीच ठेवली, सकाळी झटकली तेव्हा पिठाने तूप ओढून घेतलं होतं. पिवळा डाग मात्र ठसठशीत. बोरिंगवर बसून तो घासत होते, तेवढ्यात नणंदेच्या आजेसासूबाई काठी टेकत आल्या.

"काऊन घासून राहिली वं पोरी? उनात टाक. हळद उनात मरते."

"आजी, धाकट्याने सांडलं. सारखं काहीतरी सांडत असतो."

"पोट्टे हायेत ते, सांडतीनच नं!"

खोळ ओलीच बागेच्या तारेवर टाकली, डागाची बाजू सूर्याकडे करून. दुपारी पाहिलं तर कडा विरल्या होत्या, चार वाजेपर्यंत लिंबाच्या सालीएवढी पुसट छटा उरली. दुसऱ्या दिवशी तीही दिसेना. कर्क्युमिन उजेडात मोडतं हे मी वाचलं होतं. आजींना ते न वाचता ठाऊक होतं.

आंबिया बहाराची संत्री तोडायला आली होती. मुलांनी झाडाखाली बसून पोटभर खाल्ली आणि रसाळ हातांनी तशीच आत पळाली. गोड रस वाळला की मुंग्यांची रांग लागते, म्हणून दाराशी पाण्याची बादली आणि जुनं धोतर ठेवलं: आधी हात, मग आत.

वरूडकडे निघालो त्या रात्री अवकाळी पावसाची सर आली. भारी काळी जमीन ओली झाली की चिवट होते, चपलेला दोन-दोन बोटं थर चढतो. दारात तरटाचं पोतं टाकलं होतं, तरी कालू चारही पायांनी गादीवर चढलाच. तेव्हा हात आवरायचा. ओली काळी माती पुसली तर कापडाच्या विणीत खोल जाते. वाळू दिली की तिला तडे जातात, खपल्या सुटतात, मग कोरड्या ब्रशने सगळी खाली येते.

कालूचं अंग हा वेगळाच विषय. गवताळ बांधावरून फिरून आला की पोटाखाली, कानामागे कुसळं भरलेली. ती गादीत शिरली की रात्री मुलांना टोचतात, आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यात रुतली तर जखम होते. म्हणून आत घ्यायच्या आधी पायरीवर बसून दहा मिनिटं त्याला विंचरायचं, एकेक पंजा उघडून बघायचा, गोचीड आहे का तेही. हे काम मोठीने घेतलं. तो तिच्या मांडीवर डोकं टाकून पडायचा. त्याची जागा म्हणजे मागच्या बाकावर आईची जुनी गोधडी. दोन दिवसांत त्याला ती कळली. गळालेल्या केसांना ओला रबरी हातमोजा फिरवला की त्यांची गुंडाळी होऊन येते.

परतताना आष्टीच्या पुढे रस्त्याकडेच्या टपरीवर तर्री पोहे घेतले. मोठी आपली पुडी घेऊन बाहेरच थांबली, गाडीत यायला बघेना. मी तिला हाक मारली, बाकावर माझ्या शेजारी बसवलं. लाल तर्रीचे दोन थेंब खोळीवर पडले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच ज्वारीच्या पिठाचा डबा काढला.